राहिली म्हणजे कुठे राहिली?

माझी पीएचडी राहिली. हे वाक्य मी आजवर इतक्यांदा बोलले आहे की "बरं आहे" किंवा "चहा टाकू का?" यांच्यासारखं तेही आपोआप तोंडातून बाहेर पडतं. लग्न करून नवऱ्याच्या नोकरीपायी दिल्लीला आले, पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शक बाई निवृत्त झाल्या, मुलगी झाली आणि पीएचडी राहिली. ऐकणारा "अरेरे" म्हणतो, मी "चालायचंच" म्हणते, आणि विषय तिथेच मिटतो. मिटला नाही तो एकदाच. आम्ही नुकतेच लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो आणि नवऱ्याच्या ऑफिसातलं एक मराठी जोडपं जेवायला आलं होतं. मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं. माझी मुलगी तेव्हा पहिलीत की दुसरीत होती. पोळीचा घास हातात तसाच धरून तिनं विचारलं, "आई, राहिली म्हणजे कुठे राहिली? आपल्या घरी राहिली?"

सगळे खो खो हसले. दिल्लीत वाढणारी पोर ती. आजी नाशिकला राहते, आपण लक्ष्मीबाई नगरला राहतो, तशी पीएचडीसुद्धा कुठेतरी राहतच असणार, असा तिचा सरळ हिशेब होता. मी समजावलं की राहिली म्हणजे करायची होती, पण झाली नाही.

"अच्छा, मतलब तू सोडली."

"सोडली नाही गं. राहिली."

"पण यार आई, एकच ना ते?"

"बिल्कुल नाही," मी म्हटलं. का नाही, ते काही सांगता येईना, म्हणून मी तिच्या ताटात आणखी भाजी वाढली.

त्या पीएचडीचा विषय ऐकला की लोक आणखीच हसतात. 'मराठी कादंबरीतील चिकाटी' हा माझा विषय. चिकाटीवरचा प्रबंध अर्धवट पडलेली बाई म्हणून मी इथल्या मराठी मंडळींत प्रसिद्ध आहे. नवरा माझी ओळख करून देतानाच ते सांगून टाकतो. मला स्वतःची थट्टा आवडते, पण तिची सुरुवात मी करायला हवी. दुसऱ्यानं केली की माझं डोकं फिरतं. त्या जेवणातही त्यानं ते केलं, म्हणून त्या रात्री त्याला मी दूध साखरेशिवाय दिलं होतं.

विषय मात्र पूर्ण वाया गेला नाही. नागरी सेवा परीक्षेला मराठी साहित्य हा विषय घेता येतो, आणि बीड, जालना, चंद्रपूर अशा ठिकाणांहून दिल्लीत येऊन पडलेली काही मुलं तो घेतात. नवऱ्याच्या ओळखीतल्या कुणाचा तरी भाचा एकदा दोन शंका विचारायला आला. मग त्याचे मित्र आले, मित्रांच्या मैत्रिणी आल्या, आणि बघता बघता आमच्या बैठकीच्या खोलीत दर रविवारी सतरंजी पडू लागली. फळा नाही, पाटी नाही. मी सोफ्यावर बसायची आणि मुलं खाली. त्यांना मी मुद्दे काढायला शिकवायची. कादंबरी वाचायची ती मुद्दे काढत, कारण परीक्षेत कादंबरी लिहायची नसते, मुद्दे लिहायचे असतात. आणि सगळ्या मुद्द्यांत चलती होती ती चिकाटीची. नायक जिंकला तर चिकाटीमुळे, हरला तर चिकाटी असूनही. चटणीसारखा मुद्दा तो, कुठल्याही पानात वाढावा. मुलंही हुशार. "मॅडम, इथे चिकाटी टाकू का?" असं भाजीत मीठ टाकू का विचारल्यासारखं विचारायची. मला मजा वाटायची. वाचन असं करायचं नसतं हे मला कळत होतं, पण मुलांना गुण हवे होते आणि मला रविवारी घर भरलेलं हवं होतं.

त्यांच्यातलीच एक मुलगी आमच्याकडे पहिल्या रविवारी उशिरा आली आणि पुढेही दर रविवारी उशिराच येत राहिली. नगर जिल्ह्यातल्या एका गावची, घर ख्रिस्ती. सकाळी आधी चर्च, मग मेट्रोनं आयएनए स्टेशन, तिथून चालत आमच्याकडे. दार उघडलं की धापा टाकत म्हणायची, "सॉरी मॅडम, आज प्रवचन फारच चिकाटीनं चाललं." ती आली की वर्ग हलका व्हायचा. ती क्लासेसनी भरलेल्या राजेंद्र नगरात प्लायवूडच्या भिंतीमागे एका खोलीत राहायची. तिची खिडकी शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीवर उघडायची, इतकी जवळ की हात बाहेर काढला तर पलीकडचं प्लास्टर लागावं. पण आमच्या घरात तिनं कधी कुरकुर केली नाही. माझ्या मुलीची आणि तिची लवकरच गट्टी जमली. माझ्या मुलीला मराठी शब्द सापडेनासा झाला की ती तो पुरवायची, आणि तिला हिंदी अडलं की माझी मुलगी.

पुस्तक हातात घेतलं की ती आधी शेवटचं पान उघडायची. मला अशा वाचकांचा राग येतो. एकदा मी तिला झापलंच. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मी फक्त एवढंच बघते, की तो सुटला का शेवटी. सुटला असला तर निवांत वाचते." मी म्हटलं, "आणि नसला सुटला तर?" "मग मुद्दे काढते," ती म्हणाली. सगळी मुलं हसली, मीही हसले.

तिचे वडील गावातल्या शाळेत शिक्षक. चौथीचा वर्ग वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच. रविवारी दुपारी वर्ग संपता संपता त्यांचा फोन यायचा आणि ती आमच्या बाल्कनीत जाऊन बोलायची. त्यांनी तिला "अभ्यास कर" असं कधीच म्हटलं नाही. ते गोष्ट सांगायचे. एकच भिंत पावसानं तीनदा पडली तरी चौथ्यांदा बांधणारा गवंडी, पडक्या विहिरीला पाणी लागेपर्यंत खणत बसलेली म्हातारी, असं काहीतरी. काही ऐकलेलं, काही त्यांनी स्वतः रचलेलं. एकदा तिनं फोन स्पीकरवर टाकला तेव्हा मीही ऐकलं. माणूस अव्वल गोष्ट सांगणारा होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं त्याला ठाऊक. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "पप्पांची परीक्षा राहिली होती, मॅडम. राज्यसेवेची. तहसीलदार झाले असते. घरची परिस्थिती नव्हती, म्हणून राहिली." मी "अरेरे" म्हटलं. ती म्हणाली, "चालायचंच."

वर्षं गेली. ही मुलं वय वर्षांत मोजत नाहीत, अटेम्प्टमध्ये मोजतात. तिचे अटेम्प्ट संपत आले. पूर्वपरीक्षा कधी निघायची, कधी अडायची. मुख्य परीक्षेपर्यंत ती पोचायची, पण मुलाखतीच्या यादीत नाव यायचं नाही. तिच्या सोबतची मुलं पांगली. एक बँकेत लागला, एकीचं लग्न झालं, दोघं कुठे गेले ते कळलंच नाही. सतरंजीवर नवी मुलं येऊन बसू लागली. ती त्यांच्यात थोरली झाली, आणि मी जरा उठून आत गेले तर तीच मुद्दे सांगायची.

शेवटचा अटेम्प्ट उरला होता, आणि त्याचा फॉर्म भरायचा होता. थंडीचे दिवस. दिल्लीत थंडीत ऊन पडलं की सगळे बाल्कनीत, गच्चीवर, जिथे ऊन असेल तिथे जाऊन बसतात. वर्ग संपून मुलं गेली होती आणि आम्ही दोघी बाल्कनीत मटार सोलत होतो. तिनं एक शेंग सोलली, दुसरी उचलली. मग म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आपल्याकडे सोडून देणाऱ्या माणसाची गोष्ट आहे का?"

मला वाटलं परीक्षेचं काहीतरी. "असा प्रश्न येत नाही," मी म्हटलं.

"परीक्षेचं नाही. मलाच हवी आहे."

मग तिनं सांगितलं. गावाजवळच्या कॉलेजात मराठी शिकवायची एक जागा होती. कंत्राटी, पण तिला हवीशी. एका सुट्टीत तिनं तिथे जाऊन दोन तास शिकवूनही पाहिलं होतं. "पोरं ऐकत होती मॅडम, खरंच ऐकत होती," हे सांगताना तिच्या हातातला मटार हातातच राहिला. तिला हा शेवटचा फॉर्म भरायचा नव्हता. जीव आंबून गेला होता तिचा.

"मग नको भरू," मी म्हटलं. मला त्यात एवढं अवघड काय तेच कळेना.

"पप्पांचं राहिलेलं आहे ना, मॅडम. त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही, पण मला कळतं. लहान असल्यापासून ऐकतेय. पाहुणे आले की, शाळेत कुणी साहेब आले की. 'माझी परीक्षा राहिली.' ते वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा कसा व्हायचा! त्यांना मी सरळ सांगितलं ना, सोडतेय म्हणून, तर ते काही बोलणार नाहीत, आणि मला तेच नको आहे. त्यांना गोष्टीतून सांगितलेलं लवकर पटतं. एक तरी गोष्ट द्या ना मला, मॅडम. कुणीतरी सोडलं आणि त्याचं बरं झालं, अशी. मी फोनवर त्यांना तीच सांगेन. त्यांना बरोबर कळेल."

मी म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना? पुढच्या रविवारी देते."

तो आठवडा मी पुस्तकांच्या कपाटापुढे काढला. नवरा येता-जाता म्हणायचा, "चिकाटीवाल्या बाई सोडणारा शोधतायत." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला खात्री होती की सापडेल. इतक्या कादंबऱ्या वाचल्या होत्या, इतक्यांचे मुद्दे काढले होते, एखादा तरी साधा माणूस असेल, ज्यानं हातातलं काम मध्येच खाली ठेवलं, घरी गेला, जेवला आणि पुढे बरा जगला.

नव्हता. सोडणारी माणसं होती, पण सोडल्यावर त्यांचं काय व्हायचं ते पाहून मला चीड यायला लागली. एक दारूला लागतो. एक नदीत जीव देतो. एक जण शेवटच्या प्रकरणात रडत परत येतो आणि अर्धवट टाकलेलं पुरं करतो. काही जण सगळंच सोडतात आणि भगवी घालतात. म्हणजे सोडायचं तर पार जग सोडायचं, नुसती परीक्षा सोडायची सोय नाही. आणि ज्यांचं बरं झालं असेल अशी शंका यावी, ते दोन ओळींत कथेबाहेर जातात. "तो गावी निघून गेला." संपलं. गावी जाऊन त्यानं काय केलं, सकाळी उठून कुठल्या कामाला लागला, सुखानं झोपला का, ते सांगायला लेखकाला फुरसत नाही, कारण त्याला चिकटून राहिलेल्याच्या मागे जायचं असतं. मला पहिल्यांदाच लख्ख दिसलं की हे असंच होणार. पुस्तकं लिहिली कुणी? पुस्तक पुरं केलेल्यांनी. ज्यांनी दुसऱ्या प्रकरणात लेखणी ठेवून दिली आणि भाजी आणायला गेले, त्यांची बाजू कपाटात कुठून येणार? मग माझ्या प्रबंधात चिकाटी सगळीकडे सापडत होती यात माझी हुशारी ती काय? पिठाच्या डब्यात पीठ शोधावं तसं झालं होतं ते.

पुढच्या रविवारी मी तिला हे सगळं सांगितलं. बोलता बोलता मी रंगलेही असेन, कारण विचार मला आवडला होता. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे नाही."

"सापडली नाही अजून. शोधते."

"मग राहू द्या, मॅडम."

त्याच आठवड्यात तिनं फॉर्म भरला. कॉलेजातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ती पुन्हा प्लायवूडच्या भिंतीमागे जाऊन बसली, पूर्वपरीक्षा निघाली, मुख्य परीक्षा लिहिली. रविवारी यायची, पण शेवटचं पान आधी उघडायचं तिनं बंद केलं होतं. मला ती तेव्हा सुधारणा वाटली.

पुन्हा थंडी आली, आणि एका संध्याकाळी तिचा मेसेज आला. एकच शब्द, 'पानिपत'. मराठी माणसाला तेवढा पुरतो. मुलाखतीच्या यादीत नाव नव्हतं. माझी मुलगी आता दहावीत होती. माझ्या खांद्यावरून डोकावून ती म्हणाली, "दीदी पानिपतला गेलीय? रजई घ्यायला?" इथल्या लोकांसाठी पानिपत म्हणजे रजया, चादरी आणि लोणचं. मी तिला सांगितलं की मराठीत पानिपत होणं म्हणजे पार सगळं संपणं. तिनं मेसेज पुन्हा वाचला. मग म्हणाली, "मग आपण तिला रजई देऊया ना. तिथलीच." काही गोष्टी मुलांना आपल्यापेक्षा लवकर सुचतात. आम्ही सरोजिनी नगरच्या बाजारात जाऊन पानिपतची एक मऊ रजई आणली.

तिचे वडील तिला न्यायला आले. पुस्तकं फार होती. रविवारी दोघं चर्चमधून थेट आमच्याकडे जेवायला आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मध्यम उंची, स्वेटरवर कोट, कानटोपी, आणि हसरा चेहरा. दारातूनच म्हणाले, "ताई, आमच्या लेकीला तुम्ही इतकी वर्षं सांभाळलंत. मी तुमचे आभार मानायचे का तुमच्याशी भांडायचं, तुम्हीच सांगा. घरी आली की तुमचंच कौतुक." मला माणूस आवडला.

मी मटारभात केला होता, आणि आमटी, कोशिंबीर. जेवायला बसल्यावर बाप-लेक दोघांनी क्षणभर डोळे मिटून हात जोडले. आम्हीही हातातले चमचे खाली ठेवले. मग जेवण सुरू झालं. नवरा त्यांना दिल्लीच्या थंडीबद्दल विचारत होता, ते हसत उत्तरं देत होते. ती मात्र भात चिवडत होती. एकदम मान वर करून म्हणाली, "पप्पा, मला माफ करा. तुमचं राहिलेलं माझ्याच्यानं पुरं झालं नाही."

त्यांना ते कळलंच नाही. "माझं? माझं काय राहिलं होतं?"

"राज्यसेवा. तुमची परीक्षा राहिली होती ना."

"हां, ती होय!" ते मोकळेपणानं हसले. "अगं, ती राहिली कुठली? ती मी सोडली होती."

आणि त्यांनी गोष्ट सांगायला सुरुवात केली. गोष्ट सांगणाराच माणूस तो; समोर ऐकणारे होते, मधे जेवण होतं, त्यांना रंग चढला. मुख्य परीक्षेला ते पुण्याला गेले होते. गावच्या शाळेत तेव्हा नुकतेच तात्पुरते लागलेले. सकाळचा पेपर चालू होता आणि खालच्या मैदानात कुठल्यातरी शाळेची मुलं पाढे म्हणत होती. एका पोराचा पाढा चुकला, तसा त्यांचा हात पेपरवरून उठला. "मला वाटलं, अरे, माझा वर्ग तिकडे दुसऱ्या मास्तराच्या ताब्यात आहे, तो त्यांना काय शिकवत असेल! पेपर दिला, बाहेर आलो. दुपारचा पेपर होता, पण मी सरळ एसटी स्टँडवर गेलो. तिथे पोटभर भजी खाल्ली, एसटीत बसलो. काय सांगू ताई, त्या दिवसाइतका हलका मी पुन्हा कधी झालो नाही. आई होती तेव्हा, तिनंही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन उभा राहिलो. बास."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा हात ताटात होता आणि हलत नव्हता. माझ्या मुलीनंही जेवण थांबवलं होतं. तिला मराठीतलं सगळं कळत नाही, पण हे कळलं होतं.

"परिस्थिती नव्हती म्हणून राहिली, असं म्हणायचात," ती म्हणाली.

"आता लोकांना काय सांगायचं? सोडली म्हटलं की का सोडली विचारतात. मग मला येत नव्हतं का, मी घाबरलो का, तासभर चर्चा. राहिली म्हटलं की कुणी काही विचारत नाही. हळहळतात आणि चहा देतात." ते पुन्हा हसले. नवराही हसला.

"पण घरात? घरात का राहिली म्हणायचात?"

प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, "तसं म्हणतात ना."

मग त्यांना कळायला लागलं. एकेक पायरी उतरावी तसं त्यांच्या चेहऱ्यावरून ते उतरत गेलं. "तू माझ्यासाठी देत होतीस?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं तुला हवंय. इतकी धरून बसलीस, म्हणजे हवंच असणार. मला सोडता आलं, हिला सोडवत नाही, म्हणजे हिचा जीव त्यात आहे. म्हणून तर मी दर रविवारी त्या गोष्टी जुळवत बसायचो. वर्गातल्या पोरांना विचारायचो, सांगा रे चिकाटीची एखादी गोष्ट, आमच्या लेकीला धीर द्यायचाय." एवढा गोष्टीवेल्हाळ माणूस, पण त्याला पुढचं वाक्य सापडेना.

मी कोशिंबीर आणायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आले. कोशिंबीर टेबलावरच होती. तिला हवी असलेली गोष्ट सगळा काळ तिच्या घरात होती. फोनच्या पलीकडे, तिच्याशी दर रविवारी बोलणारी. आणि मी कपाटात शोधत होते. मला फार वाईट वाटलं. असं वाईट की कुणाचा रागही करता येईना. त्या माणसाचा राग करावा तर त्यानं केलं काय? सगळे म्हणतात तसं म्हटलं. ओट्याशी उभी असताना मला माझीच पुण्यातली एक दुपार आठवली. चौथ्या प्रकरणाची सुरुवात करायची होती, आणखी एका नायकाची आणखी एक चिकाटी. आणि मी कागद बाजूला सारून खिडकीतून बाहेर बघत बसले होते, मजेत. त्यानंतर मी प्रबंधाला हात लावला नाही. लग्न त्यानंतर ठरलं, दिल्ली त्यानंतर, मुलगी तर कितीतरी नंतर. हे मी इतकी वर्षं लपवलं होतं असंही नाही. मी विसरलेच होते. राहिली, राहिली म्हणता म्हणता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. नाहीतर बाल्कनीत मटार सोलताना तिला देण्यासारखी एक गोष्ट माझ्याकडेही होती.

बाहेर आले तर माझी मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली होती आणि तिला रजई दाखवत होती. "पानिपतची आहे, दीदी," ती म्हणाली. ते ऐकून तिची दीदी हसली, आणि मग त्या रजईत तोंड खुपसून रडली. तिच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. नवऱ्यानं उगाच पंखा बघितला, थंडीत बंद असलेला.

निघताना वडील, इतकी वर्षं आमच्याकडे साठलेल्या तिच्या पुस्तकांचा पहिला गठ्ठा घेऊन जिना उतरले, नवरा दुसरा घेऊन. ती दारात बूट घालत होती. मला काहीतरी म्हणायचं होतं, आणि इतकी वर्षं शब्दांचा धंदा करूनही मला एवढंच सुचलं, "आता सोड हे सगळं. घरी जा, आराम कर, कॉलेजात पुन्हा विचार. कुणी विचारलं तर बिनधास्त सांग, सोडली म्हणून. पप्पांसारखं राहिली म्हणू नकोस."

तिनं नाडीची गाठ बांधली, नीट बसली का ते पाहिलं आणि उठून उभी राहिली. आवाजात राग नव्हता. मी चुकीचा मुद्दा काढला की ती सावकाश दुरुस्त करायची, तसा आवाज होता.

"सोडली कसं म्हणू, मॅडम? सोडायची तर फॉर्म भरायच्या आधी सोडायला हवी होती. आता सोडायला हातात काय आहे? माझी संपली."

खालून वडिलांची हाक आली. तिनं रजई काखेत मारली आणि जिना उतरून गेली.